न पिळलेलं कारलं

यादम्माचं नाव आधी लिहिते, काय झालं ते मागाहून. आमच्या गावाकडे पत्र लिहिताना कागदाच्या माथ्यावर देवाचं नाव घालायचे, तसं समजा. यादम्मा गौलीगुड्यातल्या एका करी पॉइंटात स्वयंपाक करायची. करी पॉइंट म्हणजे नुसत्या भाज्या, पप्पू नावाचं वरण, रसम असं पाकिटात बांधून विकणारं दुकान. भात ज्याने त्याने आपापल्या घरी लावायचा. त्या दुकानाच्या पाठीमागे चार ढांगांचं स्वयंपाकघर आहे. आज तिथल्या मोठ्या कढईपुढे मी उभी असते, आणि उभी आहे ती यादम्मामुळे. एवढं पहिल्यांदा लिहून ठेवलं म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल.

आषाढ लागला की आमच्या गल्लीत कारल्यांच्या गाड्या येतात. लांब, फिकी, मेणासारखी गुळगुळीत कारली बारा महिने मिळतात, ती नाही म्हणत मी. ही बोटभर लांबीची, गर्द हिरवी, अंगभर काटे काढलेली. पावसाची भुरभुर त्यांच्या काट्याकाट्यांत अडकून बसलेली असते. गाडीवाला वरून पुन्हा पाणी मारतो, जसं काही पावसाने कमीच केलंय. मी एकेक कारलं उचलून नखाने देठ दाबून बघते. ताजं असेल तर देठातून हिरवा, उग्र वास येतो आणि तो बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो. पूर्वी तो वास मला सोसवायचा नाही, साबण लावलावून हात धुवायची. आता बसमध्ये दांडी धरली की माझ्याच हाताचा वास माझ्या नाकाशी येतो आणि बरं वाटतं. कुणीतरी ओळखीचं सोबत बसल्यासारखं.

मी बिलोलीकडची. सातवीपर्यंत शाळा गावात होती. आठवीची नदीपलीकडे, आणि माझ्या पाठीवर दोन भावंडं, आई शेतावर. शाळा सुटली म्हणण्यापेक्षा ती नदीपलीकडे राहिली, मी अलीकडे राहिले. लग्न होऊन हैदराबादेत आले तेव्हा आमचे मालक बेगम बाजारात एका मसाल्याच्या ठोक दुकानात कामाला होते. अजूनही आहेत. संध्याकाळी घरात शिरले की त्यांच्या अंगातून धणे-मिरचीचा धुरळा उठतो आणि आम्ही सगळे शिंकतो. गौलीगुड्यात एक खोली. मुलगी पहिलीत गेलेली. त्या वर्षी मालक म्हणाले, "एकट्याच्या कमाईत आता हे निभत नाही. दसऱ्यापर्यंत तुला कुठे काम लागलं तर बघू. नाहीतर तू पोरीला घेऊन गावी जा, मी इथे सोबत्यांमध्ये राहीन."

ते रागाने बोलले नव्हते. पण मला जी धास्ती बसली ती गावाची नव्हती. गावी काय, माझी माणसं आहेत. धास्ती होती ती नदीची. माझी शाळा जिथे थांबली तिथेच पोरीचीही थांबणार, हे मला लख्ख दिसत होतं.

दुकानाचे मालक मल्लेशअन्ना. त्यांनी मला ठेवलं ते एवढ्याच बोलीवर की "दसरे तक देखते, अक्का. यादम्मा ने हौ बोला तो हौ."

पहिल्या दिवशीच मी घाबरले ती डब्यांना. फळीवर एकसारखे वीस-पंचवीस डबे आणि सगळ्यांवर तेलुगु. माझी मराठीच सातवीपर्यंतची, तेलुगु कुठून येणार! जिरेपूड म्हणून काय घालून बसेन, या काळजीने मी डब्यापुढे नुसती उभी. यादम्मा खाली बसून लसूण सोलत होती. साठीची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गुडघ्यांना पट्ट्या. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "क्या पढ़ रही, बिड्डा? मेरे कू भी नै आता पढ़ना. ढक्कन खोल, सूँघ."

बिड्डा म्हणजे लेकरू. या शहरात आल्यापासून मला कुणी लेकरू म्हटलं नव्हतं.

तिचा कारल्याचा वेल मागच्या भिंतीवर होता. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात माती भरून लावलेला. पाण्याच्या पाइपाला धरून तो वर चढला होता आणि तिथून त्याने इंटरनेटच्या काळ्या वायरी पकडल्या होत्या. वायरवाला तक्रार घेऊन आला की यादम्मा दारात उभी राहायची. "तेरा वायर मेरे बेल पे आया रे, मेरा बेल तेरे वायर पे नै गया!" तो बिचारा शिडी घेऊन आल्या पावली परत. कारल्याच्या वेलाची पानं हाताच्या पंजासारखी कातरलेली असतात आणि त्याचे ताणे तर बघत राहावेत असे. केसासारखे बारीक, हवेत चाचपडत असतात. काही सापडलं की दोन दिवसांत स्प्रिंगसारखे वेटोळे घालून घट्ट. मला ते बघून हसू यायचं आणि थोडं कसंतरीही व्हायचं. मीही तशीच चाचपडत होते.

वेलाला फुलं मुबलक यायची, पिवळीधम्मक, पण फळं धरेनात. गावी असं कधी ऐकलं नव्हतं. कुंपणावर वेल टाकून दिला की कारली लागतच राहायची, कोण लक्ष देतंय! एका सकाळी मी लवकर आले तर यादम्मा स्टुलावर उभी. हातात एक तोडलेलं फूल. ते ती दुसऱ्या फुलाच्या तोंडाला हलकेच लावत होती, जसं पोराच्या गालाला गाल लावावा.

"हे काय करता?"

"देख." तिने मला जवळ ओढलं. एका फुलाच्या मागे नुसता लांब देठ. दुसऱ्याच्या मागे देठावरच करंगळीच्या नखाएवढं कारलं, काट्यांसकट. फूल उमलायच्या आधीच कारलं तयार. "ये माँ है. ये बाप. बाप का आटा माँ को लगना. गाँव में मधमक्खी करती. इदर इत्ती धूल, इत्ते गाड़ियाँ, मधमक्खी किदर से आती? तो मैंच मक्खी."

आणि ती स्टुलावर उभ्या उभ्या तोंडाने गुंगुं करायला लागली. मी इतकी हसले की पुढून मल्लेशअन्ना बघायला आले.

इतक्या वर्षांत मी कारली खाल्ली, चिरली, शिव्या घालून रांधली. पण फुलाच्या पाठीशी बसलेलं ते एवढंसं कारलं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात कुणी आलं तर आलं. नाहीतर ते नखाएवढं कारलं पिवळं पडून गळून जातं.

आता चूक सांगते.

आषाढात इथे बोनालू असतो. बायका नव्या मडक्यात भात घालून, वर दिवा ठेवून देवीला नेतात. त्या रविवारी यादम्माच्या वस्तीतला बोनालू, म्हणून ती सुट्टीवर. आदल्या दिवशी म्हणाली, "कल काकरकाय है. तेरे कू आता ना?" काकरकाय म्हणजे कारलं. मी छाती काढून म्हटलं, "त्यात काय, आमच्याकडे रोजचं."

आणि खरंच, कारल्याचा मला गर्व होता. माझ्या सासूबाई म्हणायच्या, कारलं पिळता आलं की समजावं सून घरात मुरली. आमच्याकडची रीत अशी, की काटे खरवडून काढायचे, चकत्या करून मिठात चोळायच्या, वर पाट्याचं दडपण, मग पंच्यात घालून पिळायचं, धुवायचं, पुन्हा पिळायचं. हिरवं पाणी जाऊन स्वच्छ पाणी आलं की थांबायचं. मग चिंच, गूळ, दाण्याचं कूट. पाहुण्याने विचारलं पाहिजे, "हे कारलं आहे?" म्हणजे सून जिंकली. त्या रविवारी मी मोठं घमेलंभर कारली अशी पिळली. मनगटं भरून आली. चव घेतली, पुन्हा घेतली, तिसऱ्यांदा घेतली. काळजीचा स्वभाव माझा. गॅस बंद केला तरी दोनदा बघून येते. कडूपणाचा मागमूस नव्हता. तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कारलं कडू ते कडूच, ही म्हण मी त्या दिवशी खोटी पाडली. सासूबाई असत्या तर पाठीवर हात ठेवला असता.

दीड वाजता पाकिटं परत यायला लागली.

पहिले आले ते वकीलकाका. कोर्टातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, हातात कापडी पिशवी. तेव्हा मला ते कोण हे माहीत नव्हतं. त्यांनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "मल्लेश, ये काकरकाय में काकरकाय किदर है? शुगर वाले को गुड़ का हलवा खिलारा क्या तू?" मागे एक बाई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आलू है शायद." लोक हसले. मी आतून ऐकत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं आई गं."

काकांनी मान वाकवून आत पाहिलं. "मराठी आहात काय?" हैदराबादच्या जुन्या घरांतली ती मराठी, थोडी उर्दूच्या चालीवर चालणारी. मी मान हलवली. "बाई, आम्ही इथे कारलं घेतो ते कडू असतं म्हणूनच. जिभेची चैन करायची असती तर वांगं नेलं नसतं काय?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. कडू हवं म्हणून कडू खाणारी माणसं जगात असतात! आमच्याकडे कडूपणा म्हणजे बाईच्या हाताची कसर. तो काढून टाकता यावा एवढंच आम्हाला शिकवलेलं.

मल्लेशअन्ना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उरलेलं घमेलं झाकत म्हणाले, "कल यादम्मा आई तो बोल देता मैं. तुम दुसरा काम देख लो, अक्का." मी घरी गेले. पोरगी दप्तरातून पाटी काढून इंग्रजी अक्षरं गिरवत होती. मी तिच्याकडे बघत बसले.

सोमवारी यादम्मा आली ती हळदीने पिवळे झालेले पाय आणि अंबाड्यात कडुनिंबाची डहाळी अशी. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच मल्लेशअन्ना आत आले. "यादम्मा, नई अम्मा को भेज देते. पूरा काकरकाय धो के, निचोड़ के, चोथा कर दिया. वकील साब भी वापस दे के गए."

मी विळीपाशी उभी होते.

यादम्माने डहाळी काढली, पुन्हा खोवली. मग म्हणाली, "तो उसका क्या कसूर? मैंच बोल के गई थी. अच्छा निचोड़ बोल के."

"तुम बोले?"

"हौ. बुड्ढी हो गई, भूल गई मैं. शादी का काकरकाय सोच के बोल दी."

"बीस साल से पका रहे, यादम्मा!"

"तो? बीस साल में एक बार गलती नै करना क्या? लिख के दी थी क्या मैं?"

अन्नांना हसूच फुटलं. "मीठा काकरकाय!" म्हणत ते बाहेर गेले आणि मी बाहेर हसण्याचा आवाज ऐकला. माझं काम राहिलं.

मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "तुम्ही असं काही सांगितलंच नव्हतं." ती लसणाच्या पाकळ्या फुंकत होती. "मेरे कू कौन निकालता, बिड्डा? तेरे कू निकालते. गलती तेरे पास रही तो तू जाती. मेरे पास आई तो बैठ के हँसते, बस." मग विळीकडे बोट दाखवून, "चल. काट."

त्या दिवशी तिने मला कारलं शिकवलं. काटे ठेवायचे, मसाला तेच धरून ठेवतात. चकत्या कागदासारख्या नाहीत, बोटाच्या पेराएवढ्या. मीठ चोळायचं नाही. हळद आणि चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचं, आणि ते पाणी फेकायचं नाही, त्याच कढईत आटवायचं. मग मंद आचेवर, झारा फारसा न हलवता, कडा तांबूस होईपर्यंत. शेवटी लसूण, सुकं खोबरं, लाल मिरची एकत्र कुटून. गूळ असावा, पण सुपारीएवढा. "कड़वे को निकालना नै," ती म्हणाली, "बिठाना. घर में बड़ा आदमी बैठता ना, वैसा. सब उसके आजूबाजू."

गुरुवारी पुन्हा कारलं होतं. कढई माझी. यादम्मा मुद्दाम मागे जाऊन वेलाशी काहीतरी करत बसली. वकीलकाका आले, पाकीट घेऊन गेले. मी दोन वाजेपर्यंत दाराच्या फटीतून रस्ता बघत होते. ते परत आले नाहीत. परत न येण्याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाले, "बाई, आता बरोबर कडू आहे." वर एक मराठी मासिकही ठेवलं काउंटरवर. "वाचता येतं ना? वाचत जा. इथे मराठी बोलणारे सापडतात, वाचणारे नाही सापडत." आज मी हे लिहितेय त्यालाही ते मासिकच कारण. माझे ऱ्हस्व-दीर्घ काका तपासणार आहेत. इथपर्यंत वाचलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघतील, कारण खरं काय ते त्यांनाही ठाऊक नाही.

वेलावरचं एक कारलं यादम्मा कधी तोडायची नाही. त्याच्या देठाला साडीची चिंधी बांधलेली. भाद्रपदात ते पिवळं होई, मग केशरी, आणि एका सकाळी आपसूक तीन पाकळ्यांत उलगडून जाई, आत लालभडक गरात गुंडाळलेल्या बिया. तिने एक बी माझ्या तळहातावर ठेवली. "चाट. बीज मत खाना, ऊपर का चाट." मी जीभ लावली. गोड होतं. मऊ, फिकं गोड, लहानपणी चिंचोक्याच्या लोभाने चिंच चोखायचो त्याच्या शेवटच्या चवीसारखं. कारल्याच्या पोटात ही चव असते आणि आपण हिरवंच कापून खातो म्हणून ती कळत नाही. मी यातून काही शिकवण काढत नाही. यादम्मानेही काढली नाही. तिने बिया राखेत घोळल्या आणि पुडी बांधून फळीवर ठेवली.

सात वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे पारच गेले आणि ती लेकीकडे गेली, सिद्दीपेटकडच्या एका गावात. निरोपाच्या दिवशी मल्लेशअन्नांनी शाल दिली, जिलेबी आणली, आणि सगळ्यांना हसत हसत गोष्ट सांगितली, यादम्माच्या 'मीठा काकरकाय'ची. सगळे हसले. तीही हसली, तोंडाला पदर लावून. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी तिथेच बोलले असते, असं मी स्वतःला सांगते. पण मला माझा स्वभाव माहीत आहे.

बोच आहे ती ही. जिने वीस-पंचवीस वर्षं अख्ख्या गल्लीला नीट कडू कारलं खाऊ घातलं, तिची आठवण दुकानात निघते ती एका गोड कारल्यावरून, आणि तेही तिने केलेलं नाही. नवीन आलेल्या दोघी बायकांनी तिला पाहिलेलं नाही. पण तेवढी गोष्ट त्यांना पाठ आहे. कारल्याचा दिवस आला की अन्ना आत डोकावून म्हणतातच, "अक्का, यादम्मा जैसा मत करना!" मी झारा हलवत राहते. पूर्वी भीती होती की कळलं तर काढतील. आता कोण काढणार मला! आता नुसती सवय उरली आहे गप्प बसण्याची, आणि ती भीतीपेक्षा चिवट निघाली.

वेल अजून आहे. तिच्याच पुडीतल्या बियांचा, दर वर्षी नवा. डबा गंजला म्हणून प्लास्टिकचं पिंप आणलंय. वायरवाला बदलला, भांडण तेच. सकाळी स्टुलावर मी चढते आणि बापाचं फूल आईच्या फुलाला लावते. कालच लावलं. मुलगी शाळेत जाता जाता खालून ओरडली, "मम्मी, मक्खी झाली काय?" ती यंदा आठवीत गेली. आमच्या घराण्यात आठवीचं पुस्तक उघडलेली ती पहिली बाई. पुस्तकाला खाकी कव्हर घालताना माझ्या हाताला कारल्याचा वास होता, तो कव्हराला लागला. मी पुसला नाही.

हे सगळं मी मराठीत लिहिलंय. मल्लेशअन्नांना मराठी येत नाही, यादम्माला कुठलीच लिपी येत नाही. तेव्हा इथे कबुली देऊन मी मोकळी झाले असं नाही. ज्यांच्या कानावर पडायला हवं त्या दोघांपर्यंत हे पोचतच नाही. फेडायचं ते तोंडाने फेडावं लागेल, दखनीत, म्हणजे दुकानात आम्ही बोलतो त्या इथल्या हिंदीत, सगळ्यांच्या देखत.

यंदाच्या वेलावर एका कारल्याला मी चिंधी बांधली आहे. हे पिकेल तेव्हा किंवा पुढच्या वर्षीचं पिकेल तेव्हा, पण एक दिवस गौलीगुड्याच्या स्टँडवरून मी सिद्दीपेटची बस धरीन, आणि मल्लेशअन्नांना शेजारच्या सीटवर बसवीन. यादम्माच्या लेकीच्या चुलीवर कारलं मी करीन. यादम्मा, तू बसून राहायचंस. अन्नांच्या ताटात वाढून झालं की मी सांगेन, की ते गोड कारलं माझं होतं. तू "नक्को, बिड्डा" म्हणशील. तरी सांगेन.